कंबोडिया : स्वरशिक्षणातून सावरलेली मने

(व्याख्यानाचे शब्दांकन)



ख्मेर भाषेत 'को' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक सावरीचे झाड आणि दुसरा मुका माणूस. १९७५ ते १९७९ या काळात कंबोडियातील माणसे एकमेकांना हलक्या आवाजात सांगत, 'घरापुढे सावर लाव.' त्याचा खरा अर्थ असा की, जगायचे असेल तर मुका हो. डोळ्यांनी पाहिलेस ते सांगू नकोस, कानांनी ऐकलेस ते ऐकले असे दाखवू नकोस, पोटच्या मुलापाशीही बोलू नकोस. एखाद्या समाजाने जगण्यासाठी मौनाची लागवड करावी, यावरूनच त्या काळाची कल्पना येते. ती राजवट चार वर्षांच्या आत संपली. पण घरोघरी लावलेली सावर मात्र पुढे कित्येक वर्षे उभी राहिली. ती उपटून काढण्याच्या कामात संगीतशिक्षणाचा वाटा किती आणि कसा होता, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

काय घडले होते, ते प्रथम थोडक्यात पाहिले पाहिजे. १७ एप्रिल १९७५ रोजी 'ख्मेर रूज' या साम्यवादी संघटनेच्या फौजा राजधानी नोम पेन्हमध्ये शिरल्या. पुढच्या काही दिवसांत लाखो वस्तीचे ते शहर रिकामे करण्यात आले. रुग्णालयांतील रुग्णांनाही खाटांसह रस्त्यावर आणले गेले. चलन रद्द झाले, शाळा बंद झाल्या, विहार बंद झाले, मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या छावण्यांत ठेवली गेली. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्याने नोम पेन्ह घेतले, तोपर्यंत सुमारे ७८ लाख लोकसंख्येच्या या देशात १७ ते २० लाख माणसे उपासमारीने, रोगराईने, अतिश्रमाने आणि कत्तलीने संपली होती. म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. शिक्षित, भिक्षू, डॉक्टर, शिक्षक हे सारे 'जुन्या समाजाचे' म्हणून संशयित ठरले. कलावंत त्यात होतेच. दहांपैकी नऊ कलावंत त्या काळात नाहीसे झाले, असा अंदाज कंबोडियात सर्वत्र सांगितला जातो. सिन सिसामुथ आणि रोस सेरेई सोथिया हे तेथले घरोघरी ऐकले जाणारे गायक. त्यांचा अंत कोठे आणि कसा झाला, हेदेखील निश्चितपणे कोणाला सांगता आलेले नाही.

येथे एक बाब विशेष लक्षात घेतली पाहिजे. त्या राजवटीने संगीत संपवले, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. तिने संगीत वेठीस धरले. जुनी गाणी, जुने वाद्यवृंद, जुने नाट्यप्रकार बंद झाले. पण कर्ण्यांवरून क्रांतिगीते सतत वाजत राहिली. शेतात राबताना तीच, सभेत तीच. नोम पेन्हजवळच्या च्योउंग एक येथील वधभूमीवर मरणाऱ्यांच्या किंकाळ्या ऐकू जाऊ नयेत म्हणून कर्णे लावले जात, असे तेथे येणाऱ्यांना आजही सांगितले जाते. अशा देशात 'संगीताने दुःख हलके होते' हे वाक्य सहजपणे उच्चारता येत नाही. ज्या कानांनी चार वर्षे सुरांच्या आडचे मरण ऐकले, त्या कानांना पुन्हा सूर ऐकवायचा तर तो कोणता आणि कसा ऐकवायचा, हा प्रश्न तेथल्या प्रत्येक शिक्षकापुढे होता.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे आर्न चोर्न-पाँड यांचे जीवन. जन्म १९६६ चा, बट्टमबंगचा. घराणे गाण्या-नाटकाचे. राजवट आली तेव्हा हा मुलगा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याला 'वाट एक' या विहारात नेण्यात आले. विहाराची तेव्हा श्रमछावणी झालेली होती आणि तेथेच माणसे मारली जात. एके दिवशी काही मुलांना वाद्ये शिकण्यासाठी निवडले गेले. बासरी आणि 'खिम' ही ती वाद्ये. खिम म्हणजे आपल्याकडच्या संतूरच्या जातीचे, बांबूच्या बारीक काड्यांनी वाजवायचे तंतुवाद्य. शिकवायला एक वृद्ध वादक आणला गेला. मुदत होती अवघ्या पाच दिवसांची. आर्न यांनी पुढे अनेक ठिकाणी सांगितले आहे की, मुदत संपल्यावर त्या वृद्धाला मारण्यात आले आणि ज्या मुलांना वाजवता आले नाही त्यांनाही. आर्न शिकला, म्हणून जगला. क्रांतिगीते वाजवणे हे त्याचे काम ठरले. त्यानंतर दुसरे शिक्षक आले, त्यांचे नाव यून मेक. त्यांच्यावरही तीच पाळी येणार, हे दिसताच या मुलाने त्यांच्या जिवासाठी रदबदली केली आणि मेक वाचले. शिष्याने गुरूचे प्राण वाचवल्याच्या कथा पुराणांत सापडतात. ही कथा विसाव्या शतकातली आहे आणि तिच्यातला शिष्य दहा-बारा वर्षांचा आहे.

पुढे व्हिएतनामी सैन्य चालून आले, तेव्हा याच मुलाच्या हाती बंदूक देऊन त्याला आघाडीवर पाठवण्यात आले. तेथून तो जंगलात पळाला, अर्धमेल्या अवस्थेत थायलंडच्या सीमेवर पोहोचला आणि साकेओच्या निर्वासित छावणीत पीटर पाँड या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या दृष्टीस पडला. पाँड यांनी त्याला १९८० मध्ये अमेरिकेत नेले, दत्तक घेतले. शाळा मिळाली, घर मिळाले, अन्न मिळाले. तरीही रात्री झोप नव्हती. पोट भरले म्हणजे माणूस सावरला, असे मानणाऱ्या सर्वांनी हा तपशील ध्यानात ठेवावा.

ही अवस्था एकट्या आर्नची नव्हती. छिम सोथिआरा हे कंबोडियातील मनोविकारतज्ज्ञ. स्वतः लहानपणी त्या छावण्यांतून गेलेले. राजवटीच्या अंतानंतर देशात मनोविकारतज्ज्ञ असा उरलाच नव्हता. १९९० च्या दशकात नव्याने प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा तयार झालेल्या पहिल्या तुकडीत सोथिआरा होते. २०२२ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या रुग्णांची लक्षणे पाश्चात्त्य ग्रंथांतील वर्णनाशी पुरती जुळत नाहीत, असे त्यांच्या ध्यानात आले. रुग्ण स्वतः एक शब्द वापरत, 'बाक स्बात'. शब्दशः अर्थ देह मोडणे; भावार्थ धैर्य मोडणे. अशा माणसाला दुःस्वप्ने पडतात, दचकायला होते, हे खरेच. पण त्याहून मोठी खूण ही की तो कोणत्याही गोष्टीला विरोध करत नाही, कोणावर विश्वास ठेवत नाही, पुढाकार घेत नाही, विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारले तरी थोडकेच बोलतो. सावर लावायला शिकलेला हा माणूस. सोथिआरांनी हा लोकांचा शब्द उचलून शास्त्राच्या पटलावर ठेवला, हे त्यांचे मोठे कार्य होय. आपल्या समाजाच्या दुखण्याला आपल्याच भाषेतले नाव असते, फक्त ते ऐकणारा वैद्य हवा.

आता असा विचार करू. ज्याचे धैर्यच मोडले आहे, बोलणे म्हणजे मरण हे ज्याच्या अंगात मुरले आहे, त्याला समोर बसवून 'काय झाले ते सांगा' म्हटले तर काय होईल? तो आणखी मिटून जाईल. शब्दांची वाट बंद असेल तर दुसरी कोणती वाट आहे, असा शोध मग आपोआप सुरू होतो. कंबोडियात तो कोणा तज्ज्ञाने आखून सुरू केला नाही. १९७९ नंतर वाचलेले थोडे कलावंत नोम पेन्हला परतले, एकमेकांना शोधू लागले. नाट्यकर्मी आणि पुढे संस्कृतिमंत्री झालेले छेंग फोन यांनी त्यांना एकत्र आणले. ललित कलांची शाळा पुन्हा उघडली आणि तिच्यात अनाथ मुलेही दाखल झाली. थायलंडच्या सीमेवरील छावण्यांत तर अन्न रांगेत मिळत असतानाच नृत्याचे आणि वादनाचे वर्ग चालू झाले होते. 'साइट टू' या छावणीत १९८६ च्या सुमारास मुलांसाठी चित्रकलेचा एक साधा वर्ग निघाला. त्यातली काही मुले मोठी होऊन मायदेशी परतली आणि त्यांनी १९९४ मध्ये बट्टमबंग येथे 'फार पोनलू सेलपाक' ही संस्था उभी केली. नावाचा अर्थ 'कलांचा उजेड'. तेथे चित्रकला, संगीत, नाट्य आणि सर्कस शिकवली जाते. हा सारा प्रयत्न आधी झाला. त्याला 'उपचार' हे नाव फार नंतर मिळाले.

(थोडे विषयांतर करून सांगायचे तर, त्याच काळात, १९८६ ते १९९३ या वर्षांत, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे पथक अंकोरवाटच्या मंदिराचे दगड सावरत होते. देशात सुरुंग पेरलेले, यादवी सुरू. अशा स्थितीत गेलेल्या त्या भारतीयांची आठवण आपल्याकडे फारशी काढली जात नाही.)

आर्न चोर्न-पाँड मायदेशी परतले, तेव्हा त्यांना आपले गुरू यून मेक बट्टमबंगलाच हलाखीत दिवस काढताना आढळले. एकेकाळी रंगभूमी गाजवलेली चेक माक ही गायिकादेखील दारिद्र्यात सापडली. कोणी कंबोडियन संगीत ऐकायला तयार नव्हते असे नाही; शिकणारा कोणी नव्हता. ते संगीत कागदावर लिहिलेले नाही. गुरूच्या गळ्यातून आणि बोटांतून ते शिष्याकडे जायचे. म्हणून गुरू गेला की त्याच्यासोबत एक ग्रंथालय जळते. १९९८ मध्ये आर्न यांनी मित्रांच्या साहाय्याने एक कार्यक्रम सुरू केला. तीच संस्था आज 'कंबोडियन लिव्हिंग आर्ट्स' या नावाने ओळखली जाते. योजना अगदी साधी होती. वाचलेल्या वृद्ध उस्तादांना शोधायचे, त्यांना दरमहा मानधन द्यायचे, औषधपाण्याची सोय पाहायची आणि त्यांच्यापुढे मुले आणून बसवायची. मुले बहुधा गरीब वस्तीतली. नोम पेन्हमधील 'व्हाइट बिल्डिंग' नावाची १९६३ ची जुनी इमारत १९७९ नंतर कलावंतांचे वसतिस्थान झाली होती. तिच्या कोंदट खोल्यांत कित्येक वर्षे हे वर्ग भरत.

या योजनेचे खरे मर्म पहिल्या दृष्टीत ध्यानात येत नाही. सर्वसाधारण समज असा की, दुःखी माणसाला संगीत शिकवावे, म्हणजे त्याला बरे वाटते. येथे दुःखाचा डोंगर ज्यांच्या छातीवर होता, ते शिकणारे नव्हतेच. ते शिकवणारे होते. ज्यांनी आपली मुले गमावली, त्यांच्यापुढे दुसऱ्यांची मुले येऊन बसली. ज्यांना वाटत होते की आपल्यासोबत आपली विद्याही मातीत जाणार, त्यांना कोणी तरी रोज सकाळी विचारू लागले, 'गुरुजी, यापुढचे काय?' 'बाक स्बात' झालेल्या माणसाला पुढचे काही दिसतच नसते. आणि शिष्य असलेल्या गुरूला पुढच्या धड्याचा विचार करावाच लागतो. शिकवण्यासाठी आठवावे लागते. आठवायचे तर त्या काळ्या चार वर्षांच्या पलीकडे, आपल्या स्वतःच्या गुरूपर्यंत, सुखाच्या दिवसांपर्यंत जावे लागते. आठवणींच्या घरात शिरण्याचा हा मागचा दरवाजा म्हणता येईल. पुढच्या दारात प्रेते पडलेली असतात. मागच्या दाराने आत गेले तर आधी गुरूची ओसरी लागते.

शिक्षणाचा आरंभ कसा होतो, तेही पाहण्यासारखे आहे. शिकण्यापूर्वी 'साम्पेअह क्रू' हा विधी होतो. 'क्रू' म्हणजे गुरू. शब्द संस्कृतातूनच गेलेला. उदबत्त्या, मेणबत्त्या, केळी, नारळ मांडून समोरच्या गुरूला, त्याच्या गुरूला आणि हयात नसलेल्या सर्व पूर्वगुरूंना वंदन करायचे. यासाठी मानलेला वार गुरुवार. ख्मेर भाषेतील त्या वाराच्या नावात बृहस्पती आहे, हे ऐकून मराठी माणसाला आपल्या घरातलेच काही सापडल्यासारखे वाटेल. 'पिनपिअत' या पारंपरिक वाद्यवृंदात 'साम्फो' नावाचे दोन तोंडांचे चर्मवाद्य असते. तेच वृंदाचे गुरू मानले जाते आणि त्यालाही नैवेद्य दाखवतात. यातले मानसशास्त्र पुस्तकी नाही, पण पक्के आहे. ज्या मुलाला आजोबा नाहीत, पणजोबांचे नावही ठाऊक नाही, ज्याच्या कुटुंबाची वंशावळ १९७५ मध्ये मध्येच कापली गेली, त्याला या विधीत एक दुसरी वंशावळ मिळते. आपण कोणाचे, या प्रश्नाला उत्तर मिळते.

मग येते प्रत्यक्ष विद्या. 'स्रालाई' हे सनईच्या कुळातील वाद्य. ते वाजवताना श्वास तुटू द्यायचा नसतो. गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेत सूर अखंड ठेवायचा. सनई शिकणाऱ्याला हे ठाऊक आहे. भेदरलेल्या माणसाचा श्वास उथळ आणि वेगाचा असतो. त्याला 'शांत हो' म्हणून तो शांत होत नाही. पण सूर टिकवण्याच्या नादात तोच माणूस तासन्तास आपल्या श्वासावर काम करतो आणि ते काम आपल्या दुखण्यावरचे आहे, हे त्याच्या गावीही नसते. 'रोनीअत' या पट्ट्यांच्या वाद्याच्या पट्टीखाली मेण आणि शिशाचे मिश्रण लावून स्वर जुळवतात. थोडे लावले की स्वर उतरतो, खरवडले की चढतो. ज्याच्या आयुष्यात सर्व काही अकस्मात आणि बाहेरून घडले, त्याच्या हाताला येथे एक असे काम मिळते की, जे केले त्याचा परिणाम तत्काळ कानाला कळतो. चुकले तर पुन्हा करता येते. चूक म्हणजे मृत्यू हे ज्या पिढीने शिकले, तिच्यासाठी चूक ही केवळ चूक असणे, ही किती मोठी गोष्ट आहे! आर्नला पाच दिवस मिळाले होते. येथे वर्षे मिळतात.

वृंदवादनाची बाब आणखी निराळी. इतरांचे ऐकल्याशिवाय आपले वाजवता येत नाही. शेजाऱ्यावर विश्वास ठेवणे ज्यांना घातक ठरले होते, त्यांना शेजाऱ्याच्या ठोक्यावर आपला ठोका टाकावा लागतो. विश्वासाबद्दल कोणी भाषण देत नाही. ताल सांभाळायचा म्हणून विश्वास ठेवावाच लागतो.

'चापेइ दाँग वेंग' या लांब मानेच्या तंतुवाद्याचे उस्ताद कोंग नाय यांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. कांपोत प्रांतातले हे गृहस्थ चौथ्या वर्षी देवीच्या रोगाने अंध झाले. किशोरवयात वाद्य हाती घेतले आणि त्यावरच संसार केला. राजवटीत त्यांना क्रांतीची स्तुतिगीते गावी लागली, नंतर तेही थांबवले गेले. चापेइचा गायक हा आपल्याकडच्या शाहिराचा सख्खा भाऊ शोभावा असा. पुराणकथा सांगणारा, जागच्या जागी कवने रचणारा, समाजाचे दोष हसतहसत दाखवणारा. दोन चापेइ-गायकांत सवाल-जबाब रंगतो, कलगी-तुऱ्याची आठवण व्हावी असा. सावर लावलेल्या समाजात ज्याच्या कलेचा प्राणच बोलणे आणि प्रतिप्रश्न करणे हा आहे, अशा माणसाने मुलांना शिकवायला बसावे, याचे मोल संगीतापुरते नव्हते. चापेइ शिकणाऱ्याला उत्तर द्यायला शिकावे लागते. २०१६ मध्ये 'युनेस्को'ने चापेइ परंपरा तातडीच्या संरक्षणाच्या यादीत घेतली. कोंग नाय जून २०२४ मध्ये निवर्तले. पण त्यांच्या मुलाच्या आणि शिष्यांच्या हाती वाद्य देऊन ते गेले.

या सर्व चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. संगीत हे औषध आहे आणि ते सर्वांना लागू पडते, असा प्रचार अलीकडे फार होतो. अमुक राग ऐका आणि अमुक व्याधी घालवा, अशा ध्वनिफितींचा बाजार आपल्याकडेही मांडला गेला. कंबोडियाचा अनुभव सावधगिरी शिकवतो. जो सूर एकाला सावरतो, तोच दुसऱ्याला पुन्हा छावणीत नेऊन टाकतो. कर्ण्यावरच्या गाण्यांची चाल कोठे कानी पडली तर काहींना आजही घाम फुटत असेल, यात नवल नाही. म्हणून जाणता शिक्षक शिष्याच्या पूर्वायुष्याची उलटतपासणी करत नाही, त्याच्यावर गाणे लादत नाही, आणि मध्येच उठून गेला तर त्याला हाक मारून बसवतही नाही. दुसरे असे की, संगीतशिक्षण आणि मनोविकारतज्ज्ञाचा उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला जगणेच नको झाले आहे, त्याला वैद्याकडेच नेले पाहिजे. सोथिआरांसारखे वैद्य आणि मेक यांच्यासारखे उस्ताद यांपैकी एकावाचून दुसऱ्याचे काम अपुरे राहते.

आणि गरिबी? ती सुरांनी हटत नाही. कोंग नाय ज्या 'दे क्राहोम' वस्तीत राहत, ती २००९ मध्ये बळाने उठवण्यात आली. व्हाइट बिल्डिंग २०१७ मध्ये पाडली गेली. ज्या भिंतींनी एका पिढीचे सूर जपले, त्या विकासाच्या आड आल्या. मानधन बंद झाले की वर्ग बंद, ही भीती अशा कामात नेहमीच असते. किल्लारीचा किंवा भूजचा भूकंप ज्यांनी मदतकार्यात राहून पाहिला, त्यांना ठाऊक आहे की पहिल्या आठवड्यात सारे जग धावून येते. धान्य, घोंगड्या, पत्रे आधी हवेच असतात. तिसऱ्या वर्षी मात्र तेथे कोण असते, हा प्रश्न आहे. संगीतशिक्षणाचे काम नेमके तिसऱ्या वर्षी रंगात येते. आठवडाभराच्या शिबिरात चार समूहगीते बसवून छायाचित्रे काढणे म्हणजे हे काम नव्हे. रोज तोच शिक्षक, ठरल्या वेळी, ठरल्या ओसरीवर येऊन बसला पाहिजे. ज्या मुलाचे सर्व आधार एका रात्रीत गेले, त्याच्या दृष्टीने शिक्षक काय शिकवतो याहून तो उद्या येतो की नाही, हे अधिक महत्त्वाचे असते.

कंबोडियातील सर्वांत खोल जखम मृतांच्या संबंधातली होती. लाखो माणसे अंत्यसंस्काराविना गेली. कोठे गेली, कोणत्या दिवशी गेली, हे घरच्यांना कळले नाही. बौद्ध अंत्यविधीत 'स्मोत' नावाचे पठण गायले जाते. पाली आणि ख्मेर भाषांतले, अतिशय विलंबित, आर्त. त्या चार वर्षांत ते म्हणणारे भिक्षूही उरले नव्हते आणि म्हणू देणारेही. पुढे स्मोत जाणणारे मोजके वृद्ध शोधून त्यांच्याकडे तरुण मुलेमुली शिकायला पाठवली गेली. विशी-पंचविशीची मुलगी, जिने ती राजवट पाहिलेलीच नाही, ती ज्यांनी पाहिली त्यांच्या मृतांसाठी गाते, तेव्हा ऐकणारे वृद्ध रडतात. इतकी वर्षे जे रडू आवरले होते, त्याला वाट मिळते. यात बरे होणारा कोण आणि बरे करणारा कोण, हे सांगणे कठीण आहे.

याच धाग्यातून 'बांगसोकोल' ही रचना उभी राहिली. अंत्यविधीत मृतदेहावर घालण्याच्या शुभ्र वस्त्राशी हे नाव निगडित आहे; मूळ पाली शब्द 'पांसुकूल'. संगीतकार हिम सोफी आणि चित्रपट दिग्दर्शक रिथी पान्ह या दोघांनीही ती राजवट भोगलेली. पाश्चात्त्य वाद्यमेळ आणि ख्मेर वाद्ये, समूहगान आणि स्मोत असे सारे तिच्यात एकत्र येते. २०१७ मध्ये मेलबर्न येथे तिचा पहिला प्रयोग झाला, त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्येही झाला. पाश्चात्त्य परंपरेत मृतांसाठी महान संगीतरचना आहेत. कंबोडियाच्या मृतांसाठी त्यांच्याच भाषेतली, त्यांच्याच विधीतली रचना हवी होती. ती परदेशी मंचावर गाजली, याचे कौतुक आहेच. परंतु त्यातले स्मोत गाणारे आणि ख्मेर वाद्ये वाजवणारे हे अशाच ओसरीवरच्या वर्गांतून शिकलेल्या पिढीचे होते, हे अधिक मोलाचे.

आज त्या देशातील बहुसंख्य माणसे १९७९ नंतर जन्मलेली आहेत. त्यांच्या घरात आजी-आजोबा गप्प असतात आणि नातवंडांना कारण ठाऊक नसते. मौन हेदेखील वारशाने येते. म्हणून काम बदलले आहे. उस्ताद वाचवण्याचा पहिला टप्पा मागे पडला, कारण उस्तादच आता फारसे उरले नाहीत. शिष्यवृत्त्या, तरुण कलावंतांना संस्था चालवण्याचे शिक्षण, नव्या रचनांना साहाय्य असे त्याचे स्वरूप झाले आहे. आर्न चोर्न-पाँड यांचा ओढा मात्र खेड्यांकडे राहिला. 'ख्मेर मॅजिक म्युझिक बस' या नावाचा उपक्रम त्यातूनच निघाला. बसमध्ये वादक, वाद्ये आणि थोडे सामान घालून, जेथे कित्येक वर्षांत पारंपरिक संगीत कोणी प्रत्यक्ष ऐकले नाही, अशा गावांत जायचे. विहाराच्या किंवा शाळेच्या अंगणात वाजवायचे, आणि वाजवून झाले की वाद्ये लगेच पेटीत न भरता मुलांच्या हातात द्यायची.